राखून ठेवलेला गुडघा

दवाखान्यात बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साचत जातात. कट्टा गावाला एसटी नवीन होती, तेव्हा मी तिथल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. निम्मे पेशंट म्हातारे आणि गुडघ्याचे.

*

मासे विकणारी पारू आली. डोक्यावर पाटी, गुडघा नारळाएवढा सुजलेला. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस घरात बस."

"बसलंय तर मासळी कुसतली. दुखणां काय जावचा नाय!"

औषध घेतलं आणि मासळी कुजायच्या आत लंगडत थेट बाजारात गेली.

*

भाऊ मास्तर नुकते रिटायर झालेले. पारूच्या मानाने त्यांचा गुडघा काहीच नव्हता. डॉक्टर सहज बोलून गेले, "झिजलाय मास्तर, जपून वापरा."

मास्तर दवाखान्यातही शाळेतलं शुद्ध बोलत. "म्हणजे अजून शिल्लक किती?"

आम्ही दोघे हसलो. हसायला नको होतं.

*

त्या दिवसापासून मास्तर खुर्चीत बसले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं, माहेर विजयदुर्गाला, घर उंच चढावर. रिटायर झालो की तुला तिथे घेऊन जाईन, असं मास्तरांनी कधीपासून कबूल केलेलं.

"उरलेला गुडघा त्या चढासाठी ठेवलाय," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

*

डॉक्टर मला घेऊन त्यांच्या घरी गेले. "मास्तर, चाला. बसून राहिलात तर पाय जाईल."

"झिजलाय असं तुम्हीच म्हणालात."

काकी विहिरीवरून कळशी घेऊन आल्या. पाय त्यांचेही दुखत होते.

"ह्येंका बसांदेत," त्या म्हणाल्या. "एकदा माका म्हायेराक घेवन गेले की झाला."

मला मास्तरांचा भयंकर राग आला.

*

दोन पावसाळे गेले. मास्तरांच्या मांड्या वाळल्या. माहेरी जाणं राहूनच गेलं, आणि काकी चार दिवसांच्या तापात गेल्या.

तिरडी उचलली तेव्हा मास्तर उभे राहिले. लोकांनी त्यांना उचलून न्यायला खुर्ची आणली, ती त्यांनी बाजूला सारली. स्मशान अर्ध्या मैलावर. काठी टेकत, थांबत, घामाने भिजून ते चालले. मी आणि डॉक्टर त्यांच्या दोन बाजूंना होतो.

"मास्तर, दुखतंय ना?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"दुखता," मास्तर म्हणाले. आणखी चार पावलं टाकली. "पण आता कोणासाठी राखू, डॉक्टरांनु?"