सोळा चॅनल आणि एक सही

रेकॉर्डिंग केंद्रात तिला सगळे मीटरबाई म्हणायचे, कारण तपासायचा मीटर तिच्या खांद्याला पर्ससारखा लटकलेला असायचा. सव्वीस वर्षं ती तिथली दुरुस्ती सांभाळत होती. पहिल्या दिवशी एका वादकाने तिला चहा आणायला सांगितला होता. तिने चहा आणला, स्वतःच प्यायली आणि त्याचा तुटका माइक जोडून दिला.

मोठ्या खोलीत सोळा चॅनलचं एक जुनं मिक्सिंग कन्सोल होतं, सोळा माइकांचे आवाज एकत्र करणारं. नवे साहेब आले आणि त्याला नवा रेकॉर्डर जोडला गेला. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डिंगमागे सूं सूं अशी खरखर येऊ लागली. साहेबांनी कागद तयार केला, ‘कन्सोल दुरुस्तीपलीकडे, भंगारात काढावे’, आणि मीटरबाईपुढे ठेवला.

"सही करा."

"नाही करणार. कन्सोलला काही झालेलं नाही."

"मग खरखर कुठून येते?"

"साहेब, हे कन्सोल खणखणीत आवाजात बोलतं. तुमच्या नव्या रेकॉर्डरला हळू ऐकायची सवय. म्हणून पोरं आवाजाच्या दांड्या पार खाली ओढतात. बोलणं बारीक होतं, पण कन्सोलची स्वतःची खरखर आहे तेवढीच राहते. त्याला पूर्ण आवाजात बोलू द्या आणि बाहेर पडताना जोर कमी करा. दर चॅनलला जोर अडवणारे दोन रेझिस्टन्स लागतील, बस्स."

"बिघडलं तर जबाबदार तुम्ही!"

"तसं लिहून द्या. खाली मी आनंदाने सही करते."

साहेबांनी रागारागाने लिहून दिलं. आठ दिवसांची मुदत मिळाली.

घरी थोरल्या बहिणीने कपाळाला हात लावला. दोघी एकत्र राहत होत्या. "अगं, दोन वर्षांत रिटायर होशील. कशाला साहेबाशी वाकडं घेतेस? कर सही आणि हो मोकळी."

"ताई, धडधाकट माणसाला मेलेला म्हणून लिहून देऊ?"

"माणूस आणि यंत्र एक का?"

"खोटं तर एकच ना!" मीटरबाई म्हणाली आणि ताटात आणखी भाजी वाढून घेतली.

पहिलं चॅनल तिने दुसऱ्याच दिवशी उघडलं. रेझिस्टन्स बसवून कथिलाचे डाग दिले, मोजलं. जोर बरोबर उतरला होता, खरखर गेली होती. पण आवाज गोधडीतून आल्यासारखा दबका. साहेब दारातूनच हसले. दुपारभर ती कन्सोलखाली पाठीवर पडून विचार करत राहिली. मग लक्षात आलं: रेझिस्टन्स फार मोठे घेतले होते, आणि रेकॉर्डरपर्यंतच्या लांबलचक केबलमध्ये आवाजातली धार मरत होती. चूक तिचीच होती. तिने डाग काढले, कमी अडवणारे, म्हणजे कमी ओहमचे रेझिस्टन्स लावले. मीटरचा काटा हवा तिथे थांबला आणि आवाजही मोकळा झाला.

उरलेली पंधरा चॅनल तिने कोणाची मदत न घेता केली. बोटं दोनदा भाजली, मान अवघडली. सातव्या दिवशी तिने केंद्रातल्या सगळ्यात खडूस निवेदिकेला माइकसमोर बसवलं. त्या बाईंनी एक पान वाचलं, हेडफोन लावून ऐकलं, आणि साहेबांकडे वळून विचारलं, "ह्याला भंगार कोण म्हणालं होतं?"

साहेब छताकडे बघू लागले.

पण हार मानतील तर साहेब कसले! कन्सोल राहिलं, मीटरबाईचं टेबल मात्र तळघरातल्या गोदामात गेलं. ‘प्रशासकीय सोय’ असं कारण दिलं. तिने टेबलाची डुगडुगणारी बाजू पुठ्ठ्याने टेकवली, स्वतःचा दिवा लावला आणि तिथेच दुकान मांडलं. वरची माणसं यंत्रं घेऊन जिना उतरू लागली.

तीन महिन्यांनी छोट्या खोलीतही नवा रेकॉर्डर बसला आणि तिथलं कन्सोल खरखरायला लागलं. ह्या वेळी स्वतः साहेबच जिना उतरून आले.

"जरा वर येता का?"

"येते. हातातलं काम संपवून."

तिने ते सावकाश संपवलं. वर जाऊन कन्सोलखाली शिरली आणि आतूनच म्हणाली, "साहेब, बॅटरी धरा. हलवू नका."

साहेब गुडघ्यांवर बसले आणि बॅटरी धरली. चांगला पाऊण तास.