पेटीतली ऊब

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही आधी पिल्लांचीच चौकशी कराल, म्हणून आजच लिहिते. दुपारी वीज गेली आणि अंडी उबवायच्या पेटीतला बल्ब विझला. पारा सदतीसवरून उतरू लागला. मी पेटीवर गोधडी टाकली आणि शेजारी बसून राहिले.

"अगं, खुडूक कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठतेच की," तुमचे आजोबा म्हणाले.

"तिला परत अंड्यांवर बसता येतं. मला येतं का?"

"बस की. मी झाकण उघडतो!"

गोधडीचा कोपरा उचलून पाहिलं. हवा दमट राहावी म्हणून आत ठेवलेल्या वाटीतलं पाणी काचेवर दव होऊन जमलं होतं. जणू पेटीत एक लहानसं धुकं राहत होतं. वाटलं, कोंबडीची माया म्हणजे तरी काय, थोडी ऊब आणि थोडा ओलावा. आणि ऊब देणारं उठून गेलं, तरी ती लगेच जात नाही. ऊन कललं तरी अंगणातली पायरी कितीतरी वेळ कोमट असते.

वीज आल्यावर देवघरातल्या अंधारात एकेक अंडं टॉर्चसमोर धरलं. दोन अंड्यांत काहीच हललं नाही. उरलेल्या पाचांत तांबड्या शिरांच्या जाळीत काळसर सावली हलत होती. पाच पिल्लं जिवंत आहेत.