भूगोलाच्या बाई आणि माझं पोट

कच्छपासून बंगालपर्यंतचा किनारा आमच्या भूगोलाच्या बाई खडू न उचलता काढायच्या. मग निळा खडू आडवा धरून सगळा समुद्र भरायच्या. त्यांच्या पदराला कायम निळी धूळ. पण प्रत्यक्षात बाईंनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली तापी.

निवृत्ती तोंडावर आली आणि विद्यार्थ्यांच्या सागरी सफरीत आमच्या बऱ्हाणपूरच्या शाळेचा नंबर लागला. सोबत बाई. त्यांना एकच हवं होतं, समुद्र डोळेभर बघायचा. बंदरातलं पाणी त्यांनी हिशेबातच धरलं नाही. "हे तर डबकं रे!" म्हणाल्या. मी जहाजावर चढतानाच जाहीर केलं, "तापी पोहून पार केलीय आपण. हमको क्या होना है!" आणि इतवाऱ्याच्या बाजारातून आणलेली मावा जिलेबी एकट्यानं संपवली.

जहाज रात्री सुटलं आणि दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. डेक बंद. खाली आमच्या खोल्यांना खिडकीसुद्धा नाही. ताटं घसरू नयेत म्हणून जेवणाच्या टेबलावर ओली चादर अंथरायचे, तरी वरण माझ्या मांडीवर. प्रत्येक हेलकाव्याला बाई खांबाला मिठी मारून आनंदानं ओरडायच्या, "हे नकाशात नव्हतं रे!" हजेरी मात्र चुकली नाही. निम्मा वर्ग बादलीत तोंड घालून 'हाजिर' म्हणाला. मला बादली मिळाली नाही. मी स्वतःच्याच बुटात उरकलं.

येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशाला बाई विचारायच्या, "भैया, वरती जाऊ देता का?"

"नहीं मॅडम, ऑर्डर नहीं है."

"उद्या तर उतरायचंय," त्या मला म्हणाल्या. बाईंचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

उतरायच्या दिवशी सकाळी माझी अवस्था बघून डॉक्टर म्हणाले, "याला वर कप्तानाच्या काचेच्या खोलीत बसवा. क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटेल. सोबत कुणी मोठं माणूस..." बाईंनी वाक्य पुरं होऊच दिलं नाही. माझी कॉलर धरून जिना चढल्या.

काचेपलीकडे काळं-करडं पाणी असीरगडाएवढं उठत होतं आणि बघता बघता बसत होतं. बाई ओरडल्या नाहीत. काचेला हात टेकून म्हणाल्या, "निळा कुठंय रे यात? आख्खी नोकरी चुकीच्या खडूनं केली मी!"

मला एव्हाना खणखणीत बरं वाटत होतं. तसं सांगायला तोंड उघडलं तोच त्या कानाशी आल्या, "भूषण, माझी शपथ आहे. अजून थोडा वेळ आजारी राहा."

मी असा कण्हलो, की खुद्द कप्तानानं बादली पुढं केली.

निरोपाच्या दिवशी शेवटच्या तासाला बाईंनी किनारा काढला. निळा खडू उचललाच नाही. ओल्या फडक्यानं समुद्राची जागा पुसली, आणि काळा फळा चमकायला लागला. त्या बघत राहिल्या. तेवढ्यात घंटा झाली. दारात हार घेऊन हेडसर उभे.

मी मागच्या बाकावर पोट धरून जोरात कण्हलो.

बाई वळल्या नाहीत. "सर, याला बरं नाहीये," म्हणाल्या, "अजून थोडा वेळ थांबते."