चारकोपच्या टाकीचं पाणी

आईला गोराईहून आणलं त्या सकाळी खाडीला भरती होती. होडीत ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, पदर डोक्यावरून ओढलेला आणि नजर मागे धक्क्यावर. निरोप द्यायला आलेल्यांना तिनेच दटावून घरी पिटाळलं होतं, "मेले नाय मी अजून, चला पळा!" म्हणून. मग रिकाम्या धक्क्याकडे बघत स्वतःच रडत बसली.

कॅनडाला, दुबईला गेलेल्या माझ्या भावंडांनो, तुम्हाला हसू येईल. तुम्ही समुद्र ओलांडलेत, आम्ही एक खाडी ओलांडली आणि पुढे चारकोपपर्यंत रिक्षा केली. पण आईला विचारलं असतंत तर ती म्हणाली असती, तुमचं काय, तुम्ही पासपोर्ट काढून राजीखुशीने गेलात, मला उचलून नेलं.

खरंच उचलूनच आणलं होतं. विहिरीच्या पायरीवर घसरून तिचा खुबा मोडला होता आणि बाबा गेल्यापासून घरात ती एकटीच. लग्न होऊन मी चारकोपला आले त्याला एक जमाना झाला. मला वाटायचं, आई आली की घर भरेल. कसलं काय! आईने खिडकीजवळची खुर्ची पकडली ती पकडलीच. पाय बरा झाला, काठी सुटली, तरी खाली उतरायची नाही. रविवारी चर्चमध्ये मिसाला नेलं तर मान खाली घालून जायची आणि तशीच परत यायची. मी चिडायचे. "अगं, चार बायकांशी बोल ना!" तर म्हणायची, "कोनाशी बोलू? ये काय गाव हाय? ही तर नुसती नंबरांची घरं." सेक्टर, प्लॉट, सोसायटी, विंग. तिचं काही चुकत नव्हतं म्हणा.

रोजचं एकच पालुपद, मना घरी जायाचंय. तिकडे एकटी राहिली आणि पुन्हा पडली तर? या भीतीने माझी झोप उडाली होती. शेवटी आमचे फादर मध्ये पडले. आमच्या चर्चला तेव्हा हॉल नव्हता. बारशाचं, लग्नाचं, मयताचं जेवण, सगळं बाहेर ताडपत्रीखाली. पावसात ताडपत्री गळायची आणि सोरपोतेलाच्या मटणात पाणी पडायचं. बायकांनी फुगे, म्हणजे आमचे गोल पाव, तळून विकले, पुरुषांनी दारोदार फिरून मदत गोळा केली, तेव्हा कुठे हॉल उभा राहत होता. फादर आईला म्हणाले, "मावशी, हॉलचं ओपनिंग बघून जा." त्यांचा मान राखायचा म्हणून आई हो म्हणाली. मला मात्र ठणकावून सांगितलं, "त्याच्या दुसऱ्या दिवशी होडी."

मी दिवस ढकलत होते. हॉलच्या भिंती वर जाताना बघून सगळ्यांना आनंद व्हायचा, मी होडीला उरलेले दिवस मोजायचे. रंगारी आले तेव्हा तर वाटलं, वाट लागली आता.

ओपनिंगच्या आठवडाभर आधी फादर कार्यक्रम सांगायला घरी आले. बिशप येणार, फीत कापणार, होली वॉटर शिंपडणार. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि उंबराचं पानी?"

फादर पडले मंगळूरचे, त्यांना काय कळणार? मी समजावलं. आमच्या गोराईच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बाजा लावून वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. आईचं म्हणणं, या हॉलात उद्या लग्नं लागणार, मग आधी हॉलला नको आंघोळ? मी लगेच म्हणाले, "त्यात काय, गोराईला आपल्या विहिरीवरून कॅन भरून आणू."

आई केवढ्यांदा ओरडली! "खुळी का काय गो तू? लगीन इथं नि पानी गोराईचं? ज्या गावचं लगीन, त्या गावचंच पानी लागतं!"

आई बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं नाही ती काय म्हणाली.

पण चारकोपात विहीर आणायची कुठून? आमच्या शेजारच्या सावंतकाकी मालवणच्या. त्यांच्या कानावर हे गेलं तशा दारातूनच म्हणाल्या, "बाव नाय तर टाकी आसा मां!" त्यांचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी, तेव्हा परवानगी चुटकीसरशी. त्या शनिवारी आई ठेवणीतलं लुगडं नेसून खाली उतरली. मागे वसईच्या, गोव्याच्या, मंगळूरच्या बायका, सावंतकाकी आणि पुढे बँडवाले. वरात निघाली ती थेट सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीकडे! वॉचमनने झाकण उघडलं. वरच्या मजल्यांवरून लोकांनी उघडी टाकी बघितली आणि त्यांना वाटलं, आता पाणी जाणार. घराघरात बादल्या भरायला सुरुवात झाली. आई हसून हसून बेजार. बाबा गेल्यानंतर तिला एवढं हसताना मी पहिल्यांदा बघितलं आणि बँडच्या आवाजात खुशाल रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या पाण्याने हॉलला आंघोळ घातली, आणि बिशप फीत कापायला आले तेव्हा उंबरा ओलाच होता. फादरनी हौसेने सांगितलं, आमच्या मावशींनी आंघोळ घातली आहे. बिशपनी हसून ओलांडला.

आता होडी. सोमवारी सकाळी मी आईला विचारलं, "निघायचं?" ती डोक्याला तेल लावत होती. म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या सिसिलीच्या पोरीचं लगीन हाय म्हयन्याभरानं. पानी आनायची रीत तिला कोन सांगनार? तेवढं होऊन जाऊ दे."

तेवढं झालं. मग आणखी एक लग्न, मग कोणाचं बारसं, मग हॉलात जेवण रांधायला बायका कमी पडल्या. मी विचारायचं सोडून दिलं. गोराईचं घर तसंच आहे. सणाला आम्ही जातो, आई झाडलोट करते, विहिरीत डोकावते आणि संध्याकाळच्या आत परतायची घाई करते.

तुम्ही फोनवर विचारता, आईला करमतं का तिकडे, घरची आठवण येते का. मी काय सांगू? काल ऑफिसमधून फोन केला, जेवलीस का विचारायला. पलीकडे बायकांचा नुसता गलका. आई खेकसली, "ठेव गो फोन! माझ्यावाचून अडलंय इथं."