चार मिनिटं न गिळता
माझी बायको हेमलता केंद्र सरकारच्या खात्यात तीस वर्षं अनुवाद करून निवृत्त झाली. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याशी ही हसून बोलते, आणि मी घड्याळ बघत उभा असतो.

तिच्या उजव्या कानाखाली लाळेच्या ग्रंथीत सुपारीएवढी गाठ झाली. चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते. गाठ वाईट निघाली तर नसही कापावी लागणार आणि अर्धा चेहरा कायमचा लुळा पडणार. सुईच्या तपासणीत काही ठरेना, म्हणून खास एमआरआय करायचं ठरलं. गाठीतलं पाणी कसं हलतं आणि शिरेतून सोडलेलं औषध तिथे किती वेगानं भरतं, हे त्यात दिसतं. मी घाबरलो होतो, म्हणून सगळ्यांवर खेकसत होतो.

तिथला तंत्रज्ञ श्रीरंग अकोल्याचा. मराठी ऐकून पठ्ठ्या खुलला. हिचं डोकं पट्ट्यांनी बांधता बांधता दोघांनी कैरीच्या तक्कूची चर्चा केली, गूळ किती, तिखट किती. आणि मग तो म्हणतो, आता चार मिनिटं गिळायचं नाही, चित्र बिघडतं. तोंडाला पाणी सुटलेल्या बाईला! दुसऱ्याच मिनिटाला तिनं गिळलं आणि चित्र वाया गेलं.

"काकू, आता काहीतरी कोरडं आठवा," तो ओशाळून म्हणाला.

तिला ऑफिसातली जुन्या फायलींची खोली आठवली. यंत्राची ठकठक दूर दूर गेली, असं तिनं मला नंतर सांगितलं. ती कपाटांमधून चालत राहिली. खोली संपेना. सगळीकडे मे महिन्याची धूळ आणि पिवळं ऊन. एका कपाटापाशी तिची आई बसली होती, पदरानं फायली पुसत. आईला जाऊन अकरा वर्षं झालीत. हेमलताला तिथून निघायचंच नव्हतं. 'झालं' म्हणून श्रीरंगनं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले.

या वेळी चित्र स्वच्छ आलं. पाणी मोकळं हलतंय, औषध सावकाश भरतंय, गाठ साधी दिसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काढावी लागेल, पण नस बहुधा वाचेल. त्या 'बहुधा'वर मी भडकलो.

"अहो, सरकारी कागदात बहुधा म्हणजे बिल्कुल चांगली बातमी," हेमलता म्हणाली.

शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला हसायला सांगितलं. ती ओठ घट्ट मिटून पडून राहिली. हसून बघायचीच तिला भीती वाटत होती. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही रडताय?" असं विचारलं, आणि पूर्ण चेहऱ्यानं हसली.