सात नंबरच्या खोलीसमोरची बाभळ

आमच्या उल्काला खोटं बोलता येत नाही, असं मी बारा वर्षं छातीठोकपणे सगळ्यांना सांगत आले. मूर्ख मी!

इथे न्युरेम्बर्गमध्ये ही माझी मैत्रीण एका छोट्याशा ट्रॅव्हल कंपनीत आहे. जर्मन पेन्शनरांना नामिबियाला पाठवायचं, हे तिचं काम. हत्ती कुठल्या पाणवठ्यावर कधी येतात, कुठल्या लॉजच्या कुठल्या खोलीतून ते दिसतात, पहाटे जीपमध्ये किती गारठा असतो, सगळं तोंडपाठ. फोनवर तिचं ऐकत बसलं तर वाटावं, बाई तिथेच लहानाची मोठी झाली. आणि स्वतः? आफ्रिकेत पाऊल टाकलेलं नाही! नवरा, विनय, तिला सोडून कॅनडाला गेला. त्यानंतर एकटीने कुठे जायचं, म्हणून वर्षाचा उर्लाउब, म्हणजे हक्काची रजा, घरातले पडदे धुण्यात जायचा. "मी येते गं तुझ्याबरोबर," असं मी दर दिवाळीला म्हणायचे. मग मुलांच्या शाळा, सासूबाईंचा व्हिसा. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

तर नऊ वर्षांपूर्वी तिला उत्तरेतल्या कील शहरातून एका फ्राऊ लिंडनरचा फोन आला. बाई नुकत्याच विधवा झालेल्या, एकट्या जायला घाबरत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही स्वतः गेला आहात का हो तिथे?"

आणि उल्काच्या तोंडून निघून गेलं, "हो तर! मी आणि माझा नवरा विनय. तुम्ही सात नंबरची खोली घ्या. समोर मोठी बाभळ आहे, तिच्यावर पक्ष्यांचं गवताच्या गंजीएवढं घरटं आहे. आम्ही दोघं रोज संध्याकाळी खाली खुर्च्या टाकून बसायचो."

बाभळ तिने कुठल्याशा कॅटलॉगमध्ये पाहिली होती. नवऱ्याचं तर तुम्हाला सांगितलंच.

फ्राऊ लिंडनर गेल्या, परत आल्या आणि त्यांनी फोन केला. "बसले हो तुमच्या बाभळीखाली. काय गार सावली! विनय कसे आहेत?" मग दर वर्षी तीच खोली, तीच बाभळ. पुढे फोन कामाचे राहिलेच नाहीत, दर रविवारी घरी येऊ लागले. उल्का त्यांना आमटी शिकवायची, त्या बागेतल्या गोगलगायींना शिव्या घालायच्या. शेवटी न चुकता, "विनयना नमस्कार सांगा." खरं सांगायला उल्का कितीदा तोंड उघडायची आणि मिटायची. आपणहून तिला फोन करणारं दुसरं कोणी नव्हतं हो! सांगितलं आणि हेही माणूस गेलं तर?

या वर्षी फ्राऊ लिंडनर त्र्याऐंशीच्या झाल्या. डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. "आता माझ्या वाटचं तुम्ही दोघं बसून या," त्या म्हणाल्या. "बाभळीखालचा फोटो पाठवा. एवढंच मागते."

झालं! उल्का माझ्याकडे येऊन रडली, तेव्हा मला हे सारं रामायण कळलं. "स्वरूपा, विनय कुठून आणू गं?"

"सांग, त्याची पाठ आखडलीय," मी म्हटलं. मला काय जातंय सांगायला! बरोबर मात्र मी याही खेपेला गेले नाही. धाकटीची परीक्षा होती.

ती एकटीच गेली. सात नंबरच्या खोलीत सामान टाकलं, मागचं दार ढकलून बाहेर आली. समोर पांढरी रखरखीत जमीन, लांबवर पाणवठा. झाडाचा पत्ता नाही. साधा बुंधाही नाही.

लॉजवरच्या माणसाला तिने विचारलं, "बाभळ कधी पडली?"

तो हसला. "इथे खारी जमीन आहे, बाई. झाड कधीच नव्हतं. एक म्हाताऱ्या जर्मन बाई यायच्या, त्या रोज इथेच उन्हात खुर्ची टाकून बसायच्या. आत चला म्हटलं तर म्हणायच्या, मी सावलीत बसलेय."

 उल्काने तिथूनच फोन लावला.

"फ्राऊ लिंडनर, इथे झाड नाहीये."

"माहीत आहे."

"विनयही नाहीये. तो इथे कधी आलाच नव्हता."

"तेही माहीत आहे, उल्का. घरात माणूस असलेली बाई दर रविवारी माझ्याशी दोन-दोन तास बोलत बसेल का? आता खुर्ची बाहेर काढ आणि हरणं आली का ते सांग."

मग ही बसली उन्हात, फोन कानाला लावून, हरणं येईपर्यंत.

परत आल्यावर हे सांगताना उल्का हसत होती. मला काही हसू येईना. ती किती एकटी आहे, हे कीलमधल्या परक्या म्हातारीला कळलं. मी उल्काच्या घरापासून यू-बानच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, दोन स्टेशनांवर राहते. बारा वर्षांत एकाही रविवारी मी तिला फोन केला नाही.