खुतब्यातलं नाव

माझे सासरे, आमचे अब्बा, जुन्या नाशकातल्या एका लहानशा मशिदीत शुक्रवारच्या नमाजाआधीचं प्रवचन, म्हणजे खुतबा, वाचत. वाचत कसले, सगळं अरबी तोंडपाठच म्हणत. शेवटी तुर्कस्तानच्या खलिफांचं नाव घेऊन दुवा मागायचे आणि नमाजाला जमलेली सगळी जमात ‘आमीन’ म्हणायची. पंचाईत अशी, की खलिफा उरलेच नव्हते. तुर्कांनीच आधी त्यांचं राज्य काढून घेतलं, नुसता मान ठेवला. मग मानही काढला आणि त्यांना देशाबाहेर घालवलं. त्यालाही वर्षं लोटली, एकोणीसशे तीस उलटलं, तरी अब्बांची दुवा आपली चालूच!

माझा चुलतदीर शिकलेला, सुधारणावाला. भर जमातीत म्हणाला, “चाचा, या खलिफांच्याच घराण्यातल्या आधीच्या सुलतानांनी नवे कायदे आणले, कारभार वजिरांच्या हाती दिला. खलिफांचा हुकूम तेव्हापासूनच आटत आला. आता गादीच नाही, तर नाव कुणाचं घेता?”

अब्बा म्हणाले, “गादी होती तोवर दुवा मागितली. आता बेघर झाले, म्हणून सोडून देऊ?”

खरं सांगते, मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा. जमातीनं ठरवलं, नाव गाळा, नाहीतर मिंबरावरून, खुतब्याच्या त्या चौथऱ्यावरून, उतरा. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते मिंबर! अब्बांनी खुतबा म्हणताना हाती धरायची काठी पुतण्याच्या हाती दिली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही बायका मशिदीशेजारच्या घरात खिडकीला कान लावून बसलो. चुलतदीर झकास म्हणत होता. शिकला होता तो अब्बांचंच ऐकून. आणि शेवटाला, या अल्ला, खलिफांचं नाव त्याच्या तोंडून आपसूक बाहेर! जमातही सवयीनं ‘आमीन’ म्हणून मोकळी. तोंडात ओढणी कोंबून हसलो आम्ही. म्हटलं, बरी जिरली!

संध्याकाळी तो तोंड पाडून घरी आला. अब्बांच्या जागी मी असते तर चांगला फैलावर घेतला असता. अब्बांनी मात्र त्याला जवळ बसवलं, मला चहा टाकायला सांगितला.

“बेटा, लोकांत तुझं हसं नको. माझ्यामागून म्हण.”

अब्बा ते नाव गाळून म्हणायला लागले. त्या जागी आले, की त्यांचाच आवाज अडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदाचं चुलतदिरानं नावावाचून घडाघडा म्हणून दाखवलं. अब्बा “शाबास” म्हणाले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्यादेखत ढसाढसा रडले.